दारातून ये

१

मामाच्या बेटावर एकच कायदा होता. भिंत ओलांडायची नाही.

भिंती म्हणजे तरी काय, घोट्याएवढ्या दगडांच्या रांगा. फार पूर्वी तिथे माणसं राहायची, घरं बांधायची, उतारावर बांध घालून काहीबाही पेरायची. त्यातलं आता उरलं होतं ते झुडपांतून वळवळत जाणाऱ्या दगडांच्या ओळी आणि खापरांचे तुकडे. आम्ही खणत नव्हतो. हे मामा सगळ्यांना सांगायचा, खेकड्यांनासुद्धा. "आपण खणत नाही. आपण बघतो." खापर दिसलं की शेजारी लाल झेंडी रोवायची, मोजमाप घ्यायचं, आणि दगड होता तिथेच राहू द्यायचा. दगड हलू नये म्हणून तो कायदा. घरात शिरायचं तर दारातून, आणि दार म्हणजे ओळीत जिथे दगड नाहीत ती फट. फट पलीकडच्या अंगाला असली तर घराला अख्खा वळसा घालायचा. भर उन्हात आम्ही तीन माणसं नसलेल्या भिंतींना वळसे घालत, नसलेल्या उंबऱ्यांतून आत-बाहेर करत असू. वरून पक्ष्यांना आम्ही ठार वेडे दिसत असणार.

सुरुवातीला मी एकदा पाय उचलला, तर टेकडीवरून मामाची आरोळी आली, "दारातून ये रे, गाढवा!"

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, विद्यापीठात विभागप्रमुख. बेटावर तो 'सर' होता; घरी आई त्याला अजून 'बंड्या' म्हणते. तिसऱ्या मोजणीबाई. तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून त्या प्रत्येक दगड नकाशावर घ्यायच्या आणि गरजेपुरतंच बोलायच्या, म्हणून मला आवडायच्या. मी झेंड्या रोवायचो. होडी एकच होती आणि तिच्या इंजिनाला मामा कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या हातूनही ते सुखासुखी लागत नसे. दर वेळी तो दोरी ओढायचा, शिव्या घालायचा, घाम पुसायचा, पुन्हा ओढायचा. दहा-बारा ओढींनी इंजिनालाच दया यायची.

मी तिथे का होतो? इंजिनिअरिंग सोडलं म्हणून. शिकवणाऱ्यांनाच ते येत नव्हतं. पण हे म्हटलं की मोठी माणसं "आमच्या वेळी" सुरू करतात. बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. आमच्या घरात ही शिक्षा समजतात. मला ते बक्षीस वाटलं. आईला मात्र मधल्या मधे निरोप्याचं काम लागलं. शेवटी ती भावाला म्हणाली, "घेऊन जा ह्याला कुठेतरी." मामाने मला बेटावर आणलं.

२

त्या दिवशी आम्ही टेकडीच्या पोटातलं, खाली धक्क्यावरूनही दिसणारं मोठं घर नकाशावर घ्यायला लागलो.

मी रीतसर दारातून शिरलो. खांद्यावर झेंड्यांची पिशवी, डोक्यात दुसरंच काहीतरी. चार पावलं गेलो आणि डावीकडे अंग चोरलं.

मग थांबलो. अंग चोरलं कशापासून?

आमच्या घरी हॉलमधून माझ्या खोलीकडे जाताना शोकेसचा कोपरा येतो. त्या कोपऱ्याने माझ्या पायाच्या करंगळीचा वर्षानुवर्षं सूड घेतलाय. आता झोपेतसुद्धा तिथे माझं अंग आपोआप चोरलं जातं. मी खाली पाहिलं. दगडांच्या ओळीतून एक दगड बाहेर आला होता. बरोबर करंगळीच्या उंचीवर.

असतो एखादा दगड. पुढे गेलो. उजवीकडे स्वयंपाकघर असायला हवं, तर तिथे चुलीचे काळे दगड. समोर मोरी, आणि मोरीची फट स्वयंपाकघराच्या फटीच्या इतकी तोंडासमोर, की एक बाहेर येत असेल तर दुसऱ्याने आत थांबावं. आमच्याकडे सकाळची निम्मी भांडणं ह्याच जागेवरून होतात.

मी स्वतःला समजावलं. घर म्हटलं की चूल आली, मोरी आली. मूर्ख बांधकाम ही काही आपल्याच काळाची मक्तेदारी नाही. इंजिनिअरिंगमध्ये एवढं तरी शिकलो होतो.

मग ती वाकडी भिंत आली.

आता आमच्या वाकड्या भिंतीची गोष्ट सांगायला हवी, कारण बाबा ती कधी सांगणार नाहीत. माझ्या दहावीनंतर त्यांनी हॉल कापून मला अभ्यासाची खोली काढायची ठरवली. गवंडी म्हणत होता, "साहेब, दोरी धरू द्या." बाबा म्हणाले, "मला नजर आहे." त्या नजरेने जी भिंत निघाली ती बघून गवंडी तोंडाला फडकं लावून हसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे अंगण नव्हतं म्हणून भिंत वाकडी. दुसऱ्या कुणी ती पाडली असती. बाबांनी तिच्यापुढे दुसरी, सरळ भिंत बांधून घेतली. दोन्हींच्या मधे पाचरीसारखी एक बंद जागा राहिली. एका टोकाला माणूस उभा राहील एवढी, दुसऱ्या टोकाला मूठसुद्धा जाणार नाही अशी. तिला दार नाही. आपली चूक लपवायला अख्खी खोली बांधणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कुणी विचारलंच तर बाबा म्हणतात, "डबल भिंत आहे. मुलाला अभ्यासात आवाज नको."

आणि इथे, वाऱ्यावर, झुडपांत, माझ्या पायाशी एक वाकडी ओळ होती. तिच्यापुढे एक सरळ ओळ. मधे पाचर. दार नाही.

"अद्भुत!" मामा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "दार नसलेली खोली! देवांसाठी असेल. किंवा मेलेल्यांसाठी. ही तिरकी भिंत बघ. सूर्याच्या कुठल्यातरी स्थितीशी जुळवलेली असणार."

"किंवा गवंड्याचं ऐकलं नसेल," मी म्हणालो.

"तू शिक्षण सोडलंयस हे सांगायला लागत नाही."

"मामा, हे आमचं घर आहे."

त्याने माझ्याकडे उन्हाचा झटका आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. हा मामा दर रविवारी आमच्याकडे यायचा. पण सोफ्यावर बसला की जेवायला हाक मारीपर्यंत उठायचा नाही. हजारो वर्षांपूर्वीची माणसं कशी राहायची हे त्याला तोंडपाठ. सख्खी बहीण कुठल्या घरात राहते ते त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"पाणी पी," तो म्हणाला. "आणि बाहेर जाताना दारातून जा." पाणी पिऊन परत येताना माझा पाय चुकून भिंतीवरून उचलला गेलाच, आणि घरातून त्याची तीच आरोळी आली.

३

फोन फक्त धक्क्यावर लागायचा. संध्याकाळी आईला केला.

"जेवलास का?" हे झाल्यावर ती म्हणाली, "अरे, वरच्या बिऱ्हाडाने नुसता वैताग आणलाय. दिवसभर बुटांनी चालतात. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये."

"वरचे तर गावाला गेलेत ना?"

"तेच तर म्हणते. आणि ही वाळू कुठून येते सांग. सकाळी झाडून काढते, दुपारी परत. आज शिंपल्याचा तुकडा निघाला केरात."

मागून बाबांचा आवाज आला. "त्याला विचार, जाताना खिडकी उघडी टाकून गेला होता का?"

"हे विचारतायत—"

"ऐकू आलं. नव्हती."

"तो नाही म्हणतोय," आईने त्यांना सांगितलं, जसं काही मी दुसऱ्या भाषेत बोललो. मग हळू आवाजात मला म्हणाली, "आज दुपारी जरा डोळा लागला होता, तर कुणीतरी जोरात ओरडलं, 'दारातून ये रे, गाढवा!' अगदी बंड्याचा आवाज. मी दचकून उठले. हे म्हणतात मला स्वप्न पडलं."

मी म्हणालो, "पडलं असेल."

दुसरं काय म्हणणार? आपण शिकलेली माणसं. म्हणजे निम्मी शिकलेली.

४

तरी दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. मामा आणि मोजणीबाई खालच्या बांधांवर होते. मी मोठ्या घरात शिरलो, चुलीच्या दगडांपाशी गेलो, आणि घरी लोळत पडलेला असताना देतो तशी हाक दिली, "आई, चहा!"

वारा होता. एक पक्षी ओरडत गेला. मला स्वतःची लाज वाटली. मी दारातून बाहेर आलो.

संध्याकाळी आईचा आवाज जरा चोरटा होता. "तू हसशील," ती म्हणाली. "दुपारी तुझी हाक ऐकू आली. मी आपला चहा टाकला. कपात ओतल्यावर लक्षात आलं की तू इथे नाहीसच. मग ह्यांनी प्यायला."

"त्याला सांग, साखर जास्त झाली होती," बाबा मागून म्हणाले.

मी हसलो नाही. धक्क्याच्या दगडावर बसून वर टेकडीकडे पाहत राहिलो. मोठं घर तिथून स्पष्ट दिसायचं. चूल, मोरी, दोन ओळींमधली ती पाचर. सगळीकडे गवत वाऱ्याने हलत होतं. पाचरीत हलत नव्हतं.

तिथे वाऱ्याला आडोसा असेल, मी म्हटलं. घोट्याएवढ्या दगडांचा आडोसा. बसलो होतो तिथून मला हे पटलंसुद्धा.

५

मामाला पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. दार नसलेल्या खोलीत, ऊन तोंडावर घेऊन, स्वतः उभा.

"सर, दार नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर फोटो."

"मग शिरणार कुठून?"

"मोजणीबाई, कायदा कुणी केला?"

"तुम्ही, सर."

"मग झालं तर."

"मामा, नको," मी म्हणालो. "खरंच सांगतो. तिथलं गवत हलत नाही."

"गवत हलत नाही!" तो खो खो हसला. "ताईला सांगतो, पोराला परीक्षेपेक्षा गवताची भीती." आणि त्याने पाय उचलून सरळ ओळीवरून आत टाकला. आयुष्यभरात पहिल्यांदा, माझ्या माहितीत.

आत उभा राहून तो बोलत होता. हात हलत होते, तोंड हलत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मोजणीबाईंनी फोटो काढला. मामाने बाहेर यायला पाय उचलला, आणि तो जिथून उचलला होता तिथेच खाली आला. त्याने पुन्हा उचलला. ढेंगभर उंच. पुन्हा तिथेच. मग त्याने हात पुढे केले, आणि त्याचे तळवे हवेतच चपटे झाले, पांढरे पडले. शाळेच्या बसच्या काचेला पोरं नाक लावतात, ते बाहेरून जसं दिसतं, तसे. समोर काच नव्हती. घोट्याएवढे दगड होते, त्यावरून एक सरडा आरामात चालला होता.

"सर, चेष्टा पुरे," मोजणीबाई म्हणाल्या.

मामा हवेवर मुठी आपटत होता. कपाळावर शीर उभी राहिली होती. एवढा मोठा विभागप्रमुख, आणि कुत्र्याच्या पिलाने ओलांडली असती अशी भिंत त्याला ओलांडता येत नव्हती. मला हसू आलं. ते अर्ध्यावरच अडकलं.

मोजणीबाईंनी सवयीने यंत्राला डोळा लावला. घाबरलेली माणसं आपापलं काम करायला लागतात. त्यांनी आकडा बघितला, काच पुसली, परत बघितला.

"काय म्हणतंय?"

"बरोबर नाहीये," त्या म्हणाल्या. "हे म्हणतंय की सर समुद्रापलीकडे आहेत."

त्यांनी पुढे पाऊल टाकलं तसा मी त्यांचा दंड धरला. त्याच वेळी मामाने मुठी आपटणं थांबवलं. त्याने मान वळवली. निमुळत्या टोकाकडे, जिथे मूठसुद्धा जात नाही. कुणी नावाने हाक मारल्यावर वळवतो तशी. थोडा वेळ ऐकत राहिला. काहीतरी उत्तर दिलं. आणि मग तो सरकला. बाकावर आणखी कुणाला तरी बसायचं असलं की आपण सरकतो, तसा. एका बाजूला चिकटून उभा राहिला, आणि शेजारचं गवत खाली दबलं.

मी धक्क्याकडे धावत सुटलो. धावतानाही घराच्या दारातूनच बाहेर पडलो. पायांना आता वेगळं सुचत नव्हतं.

६

"बरं झालं फोन केलास," आई म्हणाली. "तुझ्या खोलीच्या भिंतीत उंदीर झालेत. नुसतं धडाधडा चाललंय."

"आई, ते उंदीर नाहीत."

"मीही ह्यांना तेच म्हणते. उंदीर कधी 'ताई' म्हणतात का?"

"फोन स्पीकरवर टाक. बाबा आहेत?"

"आहेत ना. पेपर वाचतायत. म्हणजे धरून बसलेत."

"बाबा," मी म्हणालो. किती दिवसांनी तो शब्द तोंडातून निघाला होता, त्याची चवच विसरलो होतो. "ती भिंत फोडा."

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. "त्याला सांग, भिंत चांगली आहे."

"बाबा, मी तुमच्याशी बोलतोय. आत मामा अडकलाय."

"त्याला सांग, भिंत भरीव आहे. आत जागाच नाही."

"आहे! रुंद टोकाला माणूस मावतो, आणि आत्ता तिथे एकापेक्षा जास्त आहेत. भिंत वाकडी आहे, बाबा. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, शेजारच्या काकूंना माहीत आहे, वरचे गावाला गेलेत त्यांनाही माहीत आहे. मी कॉलेज सोडलं. तुम्ही भिंत वाकडी बांधली. दोन्ही होऊन गेलं. आता काय करायचंय, मामाला आत मरू द्यायचंय?"

 पलीकडून मला ते ऐकू आलं. धप, धप. आणि भिंतीआडून, तोंडावर उशी दाबल्यासारखं, "ताई..."

"अहो," आई म्हणाली. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हातोडा माळ्यावर आहे," बाबा म्हणाले. 'त्याला सांग' नाही. मला म्हणाले. "जरा वेळ लागेल. फोन ठेवू नकोस."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं. बाबांनी शिवी दिली. बाबांना शिव्या येतात, हे त्या दिवशी कळलं. मग पहिला घाव बसला.

वर टेकडीवर मामाने दोन्ही हात डोक्यावर घेतले. फोनमध्ये घाव, वर मामा दचकणार, घाव, दचकणार. मधे कुठे समुद्र असल्यासारखं वाटतच नव्हतं. मग विटा ढासळल्याचा मोठा आवाज झाला, आई खोकली, आणि वर, माझ्या डोळ्यांदेखत, मामाने पाय उचलून दगडांची ओळ ओलांडली. मोजणीबाई एक पाऊल मागे सरल्या.

 मी धक्क्यावर बसलो. "बाबा, जमलं," मी ओरडलो. "आला बाहेर!"

"हो, आला," बाबा धापा टाकत म्हणाले.

आणि आई म्हणाली, "अरे बंड्या, बूट तरी काढ! केवढी ती वाळू!"

७

मी फोन कानाशी तसाच धरून बसलो.

मामा टेकडी उतरत होता. सरळ रेषेत. घरांमधून, चुलींवरून, उंबरे सोडून, प्रत्येक भिंत ओलांडत, खाली न बघता. त्याच्या पायांनी दगड गडगडत होते. मागून मोजणीबाई येत होत्या, बऱ्याच अंतरावरून, प्रत्येक घराला वळसा घालत, प्रत्येक दारातून.

"बाबा, तुमच्यासमोर कोण आहे?"

"बंड्या. सोफ्यावर बसलाय. थरथरतोय. दोन कप चहा झाला."

"मामा इथे येतोय."

 बाबांनी अक्कल शिकवली नाही, "आमच्या वेळी" सुरू केलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"त्याला विचारा, आत दुसरं कोण होतं."

फोन कापडात दाबल्यासारखा झाला. मग बाबा परत आले. "विचारलं. तो म्हणतो, दार लावा. मी म्हटलं, अरे, ते भोक आहे, भोकाला दार कुठून आणू? तर रडायला लागला."

मामा धक्क्यावर पोचला. त्याच्या केसांत, भुवयांत सिमेंटची पांढरी भुकटी होती. बेटावर सिमेंट नाही. तो माझ्या अगदी जवळून गेला आणि होडीत उतरला. मला गाढव म्हणाला नाही.

"ऐक," बाबा म्हणाले. लहानपणी ताप आला की डोक्यावर हात ठेवून बोलायचे, त्या आवाजात. "कॉलेजचं जाऊ दे खड्ड्यात. तू घरी ये."

"हो, बाबा."

"एकटा ये."

मोजणीबाई शेवटच्या भिंतीपाशी थांबल्या होत्या, यंत्र छातीशी धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग होडीकडे, आणि मान हलवली. नाही.

मामाने दोरी हातात घेतली. इंजिन पहिल्याच ओढीला लागलं.

"चल," तो म्हणाला. "ताई चहा घेऊन थांबली असेल."

आणि माझ्यासाठी बाकावर सरकून त्याने जागा केली.